सोमरस नव्हे, रविरस!

मंडळी, शीर्षक वाचून नाक मुरडण्याआधी एक खुलासा करतो. आपले वार्तापत्र घरोघरी जाते. ते मुले वाचतात (निदान त्यांनी वाचावे अशी त्यांच्या आयांची इच्छा असते), आणि उन्हाळ्यात भारतातून आलेले कुणाकुणाचे आईवडील तर पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचतात. त्यांच्यापैकी कोणाच्याही हातात ग्लास देण्याचा आमचा विचार नाही. आम्ही पेशाने रसायनवाले. आमच्या हिशेबी बिअर म्हणजे नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी, चारपाच टक्के अल्कोहोल आणि उरलेला सगळा इतिहास. आज सांगायचे आहे ते त्या उरलेल्या भागाबद्दल.

निमित्त दरवर्षीचेच. पिकनिकच्या सभेत 'बिअर ठेवायची की नाही' हा विषय निघतो. एक गट म्हणतो, मुलांसमोर नको. दुसरा म्हणतो, कणसे भाजायची, भेळ खायची आणि वर रूट बिअर प्यायची, ही काय पिकनिक झाली? तास-दीड तास संस्कृती, संस्कार आणि 'आमच्या वडिलांनी कधी हात लावला नाही' असे सगळे होते, आणि शेवटी पार्काची परवानगी मिळत नाही या एका मुद्द्यावर सर्वांचे एकमत होऊन चहा येतो. आमची समजूत होती की हा वाद खास आपला. पण आपण ज्या मुलखात राहतो त्या शिकागो-मिलवॉकीच्या पट्ट्यात हाच वाद आपल्या कितीतरी आधी दुसऱ्या एका परदेशस्थ समाजाने घातला, आणि त्यापायी भर रस्त्यात गोळीबारही झाला. तो समाज जर्मनांचा.

१८४० नंतर जर्मन बोलणारी माणसे लाखांनी इकडे आली. काही शेतकरी, काही कारागीर, तर काही १८४८ ची क्रांती फसल्यावर देश सोडावा लागलेली शिकलीसवरलेली मंडळी. मिलवॉकीत ते इतके जमले की गावाला 'जर्मन अथेन्स' हे नाव पडले, म्हणजे आपल्या भाषेत पुणे. नाटके, व्याख्याने, गाण्याच्या मैफली, तालमी, वर्तमानपत्रे, आणि दोन जर्मन भेटले की तिसरी संस्था! संस्थेला ते 'फेराइन' म्हणत. गाण्याचा फेराइन वेगळा, कसरतीचा वेगळा, नेमबाजीचा वेगळा. त्यांच्यातल्याच कार्ल शुर्झ या पुढाऱ्याच्या पत्नीने, मार्गारेटे शुर्झ यांनी, १८५६ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या वॉटरटाऊन गावी आपल्या व नातलगांच्या मुलांसाठी घरात एक शाळा काढली. अमेरिकेतली ती पहिली किंडरगार्टन, आणि ती जर्मन भाषेत चालत असे. आपली मुले ज्या 'के.जी.'त जातात तो शब्द इथून आला.

या लोकांचा रविवार मात्र इथल्या जुन्या रहिवाशांना खपत नव्हता. प्युरिटन वळणाच्या घरात रविवार म्हणजे चर्च, बायबल आणि शांतता. खेळ नाही, गाणे नाही, दुकान उघडे नाही. जर्मन माणूस सहा दिवस कारखान्यात राबून सातव्या दिवशी बायकोमुलांसकट बागेत जाई. झाडाखाली लाकडी बाके, बँडवर वाल्झ, कडेला स्किटल्सचा खेळ, पोरांसाठी झोके, आजीच्या पिशवीत पाव आणि सॉसेज, आणि मध्यभागी फेसाळ मग. घाईने पिऊन घरी पडायचे हा प्रकार नाही. एक मग दोनदोन तास पुरवायचा आणि गप्पा मारायच्या. या मनःस्थितीला त्यांच्यात 'गेम्युटलिखकाइट' म्हणतात. याला मराठी शब्द कोणता, याचा आम्ही बराच विचार केला. जेवणानंतर ओसरीवर पान लावत बसलेल्या मंडळींच्या चेहऱ्यावर जे असते ते. आपल्या वेदांत सोमरस, तसा हा यांचा रविरस.

आता थोडे रसायनशास्त्र. दोन परिच्छेदांत आवरतो. नाचणीचे सत्त्व कसे करतात हे आपल्या घरच्या ज्येष्ठ बायकांना ठाऊकच आहे. नाचणी भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची, दळायची. मोड येताना धान्यात एन्झाइम तयार होतात आणि ते पिष्टाची साखर करू लागतात. म्हणून मोडाच्या नाचणीची पेज पातळ व गोडसर होते. नाचणीच्या जागी बार्ली घेतली की झाला माल्ट. ते गरम पाण्यात ठेवून गोड काढा करायचा, त्यात हॉप्स नावाच्या वेलीची कडू फुले उकळायची, निवल्यावर यीस्ट घालायचे. बाळासाठी सत्त्व आणि बापासाठी बिअर, पहिली अर्धी कृती एकच.

इंग्रजांची एल जातीची बिअर साध्या हवेत चारपाच दिवसांत आंबते. जर्मनांची लागर थंडीत, तळाशी बसणाऱ्या यीस्टने, आठवडेच्या आठवडे मुरवत ठेवावी लागते. 'लागर्न' म्हणजे साठवणे. ते यीस्ट १८४० च्या सुमारास बव्हेरियातून अमेरिकेत आले. पुढे शास्त्रज्ञांनी तपासले तेव्हा असे निघाले की हे यीस्टच मिश्रविवाहातले आहे: एक पालक आपले नेहमीचे पावाचे यीस्ट, आणि थंडी सोसणारा दुसरा पालक २०११ मध्ये थेट दक्षिण अमेरिकेतल्या पॅटागोनियाच्या जंगलात सापडला. नंतर तो तिबेटातही मिळाला. तेव्हा 'आमची अस्सल जर्मन बिअर' म्हणणाऱ्यांनी जरा जपून.

असो. वळू या गोळीबाराकडे. मार्च १८५५ मध्ये शिकागोचे महापौर म्हणून लेव्हाय बून निवडून आले. परदेशातून आलेल्यांचा, विशेषतः कॅथॉलिकांचा, राग हेच ज्या पक्षाचे भांडवल त्या 'नो-नथिंग' पक्षाचा त्यांना पाठिंबा होता. त्यांनी तीन गोष्टी केल्या. गुत्त्याचा वार्षिक परवाना ५० डॉलरवरून ३०० डॉलरवर नेला. रविवारी दारू विकू नये हा धूळ खात पडलेला कायदा बाहेर काढला. आणि पोलिसात फक्त इथे जन्मलेल्यांनाच घ्यायचे ठरवले. आता हे तिन्ही एकत्र वाचा. परवाना कोणाला परवडणार नाही? ज्याचे दुकान छोटे त्या जर्मन-आयरिश माणसाला. रविवारी कोण पितो? ज्याला रविवारीच सुट्टी तो. आणि पकडायला येणार कोण? ज्याला त्याची भाषा येत नाही तो. कायद्यात कुठेही 'जर्मन' हा शब्द नव्हता. तशी गरजही नसते.

दोनशेवर लोक पकडले गेले. २१ एप्रिल १८५५ ला त्यांच्या खटल्याच्या दिवशी उत्तर भागातले जर्मन ढोलताशे घेऊन कोर्टाकडे निघाले. नदी ओलांडायची तर क्लार्क स्ट्रीटचा पूल हवा, आणि तो पूल फिरवता येणारा. महापौरांनी जमाव पुलाशी आला असता पूल फिरवायला लावला, आणि माणसे मध्येच अडकली. पुढे पूल पुन्हा जोडल्यावर झटापट झाली, गोळ्या सुटल्या, एक जण मेला, साठेक पकडले गेले. शिकागोच्या इतिहासात याला 'लागर बिअर दंगल' म्हणतात. शिकागोतली ही पहिली मोठी नागरी दंगल, आणि तीही बिअरवरून, हे ऐकून आम्हाला आधी हसू आले. नंतर आले नाही.

या लोकांनी पुढे जे केले ते आम्हाला दंगलीपेक्षा महत्त्वाचे वाटते. त्यांनी नागरिकत्वाचे कागद केले आणि मतदानाला गेले. त्याच जूनमध्ये इलिनॉयभर दारूबंदी करण्याचा प्रस्ताव जनमताला आला, तो पडला. पुढच्या मार्चमध्ये जर्मन आणि आयरिश एकत्र येऊन बून यांच्या बाजूचा उमेदवार आपटला, थॉमस डायर महापौर झाले आणि परवाना पुन्हा ५० डॉलरवर आला. आपल्यातले जे लोक वीस वर्षे ग्रीन कार्डावर राहून 'इथल्या राजकारणाशी आपल्याला काय करायचंय' म्हणतात, त्यांच्यासाठी ही ओळ मुद्दाम लिहिली आहे.

तिकडे न्यूयॉर्कजवळ ब्रुकलिनमध्ये १८५८ साली याच कायद्याखाली एक खटला उभा राहिला. प्रश्न असा की लागर मादक आहे का? नसेल तर रविवारी विकायला हरकत नाही. साक्षीदारांनी शपथेवर सांगितले की दिवसाला डझनावारी ग्लास रिचवूनही आपल्याला काही होत नाही. ज्युरीने लागर मादक नाही असा निकाल दिला! रसायनशास्त्राचा असा जाहीर पराभव आमच्या माहितीत दुसरा नाही.

याच सुमारास मिलवॉकीचे ते प्रसिद्ध बिअरसम्राट उभे राहत होते. त्यांच्या चरित्रांतून आम्हाला एक गोष्ट दिसली, ती कोणत्याही बिझनेस स्कूलमध्ये शिकवत नाहीत: जावई व्हा. फ्रेडरिक पाब्स्ट हे सरोवरातल्या आगबोटीवरचे कप्तान. त्यांनी १८६२ मध्ये फिलिप बेस्ट यांच्या मुलीशी लग्न केले आणि बोट सोडून सासऱ्याच्या भट्टीत शिरले. सेंट लुईसला अडॉल्फस बुश हे बावीस भावंडांतले एकविसावे. एबरहार्ड अँहायझर यांच्या मुलीशी त्यांचे लग्न झाले, आणि त्यांच्या भावाचे तिच्या बहिणीशी. जोसेफ श्लिट्झ हे ऑगस्ट क्रुग यांच्याकडे हिशेबनीस होते; मालक वारल्यावर मालकिणीशी लग्न करून भट्टी चालवू लागले. व्हॅलेंटिन ब्लॅट्झ यांनीही मालकाच्या विधवेशीच लग्न केले. श्लिट्झ १८७५ मध्ये मायदेशी निघाले असता इंग्लंडजवळ बोट बुडून गेले. भट्टी क्रुगच्या भाच्यांकडे आली, पण पाटीवर नाव श्लिट्झचेच राहिले. आपल्याकडे घरजावई म्हटले की लोक हसतात. इथे त्यांची नावे गगनचुंबी इमारतींवर लागली.

या लोकांना अमेरिकन बार्लीने सतावले. इथली सहापदरी कणसाची बार्ली. तिच्यात प्रथिने जास्त. अशी बिअर थंड केली की गढूळ दिसते, कारण प्रथिने आणि हॉप्स-सालीतली टॅनिनसारखी द्रव्ये एकमेकांना धरून बसतात. यावर उपाय सुचवणाऱ्यांत प्रमुख होते अँटन श्वार्त्झ, प्रागला शिकलेले रसायनशास्त्रज्ञ, १८६८ मध्ये अमेरिकेत आलेले. त्यांचे म्हणणे: बार्लीच्या जोडीला मका किंवा तांदूळ शिजवून घाला. पिष्ट भरपूर, प्रथिनांचा त्रास कमी, आणि या बार्लीत एन्झाइम इतके की तांदळाचीही साखर करून टाकतात. १८७६ पासून निघालेल्या बडवायझरमध्ये आजही तांदूळ असतो. बव्हेरियातले कर्मठ लोक याला बाटगेपणा म्हणतील, कारण त्यांच्या १५१६ च्या नियमात पाणी, बार्ली आणि हॉप्स यांखेरीज काही चालत नाही. आमच्या मते जो पाहुणा इथल्या धान्याशी जमवून घेतो तो टिकतो. आपणही पुरणपोळी ऑल पर्पज फ्लॉवरची करतोच.

आता भक्तीचा खरा बहर. श्लिट्झ आणि पाब्स्ट यांनी मिलवॉकीत मोठमोठ्या बागा काढल्या. पाब्स्टची १८८९ मधली व्हाइटफिश बेची बाग तर सरोवराच्या काठावर. लोक बोटीने तिथे जात. आणि सेंट लुईसला बिअर चक्क बेसबॉलमध्ये शिरली. तेव्हाच्या नॅशनल लीगला आपला खेळ सभ्य ठेवायचा होता: तिकीट ५० सेंट, रविवारी सामना नाही, मैदानात दारू नाही. सिनसिनाटीचा संघ ऐकेना, तो बिअर विकी आणि रविवारी मैदान भाड्याने देई. १८८० मध्ये त्याला लीगमधून काढून टाकले. मग अशा सगळ्या नाराज मंडळींनी १८८२ पासून वेगळी 'अमेरिकन असोसिएशन' सुरू केली. तिकीट २५ सेंट, रविवारी सामने, आणि बिअर. सोवळे लोक तिला 'बिअर आणि व्हिस्की लीग' म्हणून हिणवत. कामगारांनी मैदाने भरून टाकली.

या लीगचा नायक क्रिस व्हॉन डर आहे. (वाक्य पूर्ण झालेले नाही, त्यांचे आडनावच 'आहे'.) हे वेस्टफालियातून पोरवयात आलेले, सेंट लुईसला मैदानाजवळ वाण्याचे दुकान आणि गुत्ता चालवणारे. सामन्याआधी आणि सामन्यानंतर दुकान भरते आणि मधला वेळ ओस पडते, हे पाहून त्यांनी मैदानच ताब्यात घेतले. बेसबॉल त्यांना कितपत कळे यावर वाद आहे. आख्यायिका अशी की, आपल्या मैदानाचा 'डायमंड' जगात सर्वांत मोठा, अशी फुशारकी त्यांनी मारली, आणि सगळीकडे तो एकाच मापाचा असतो हे कोणी कानात सांगितल्यावर जरासुद्धा न वरमता बढाईचा विषय बदलला. त्यांच्या जर्मन उच्चारांची पत्रकार छापून टिंगल करत. पण त्यांच्या संघाने १८८५ ते १८८८ अशी सलग चार वर्षे लीग जिंकली. त्यांनी मैदानाबाहेर स्वतःचाच पुतळा उभारला. पुढे आग, खटले आणि कर्ज यांत सगळे गेले. ज्याच्या मालकीचा संघ होता तो गृहस्थ शेवटी पुन्हा गल्ल्यामागे उभा राहून बिअर ओतू लागला. १९१३ मध्ये ते यकृताच्या विकाराने वारले. तो पुतळा आता त्यांच्या कबरीवर आहे. आणि त्यांचा संघ? आजचे सेंट लुईस कार्डिनल्स.

या संघाच्या नशिबी बिअरच लिहिलेली. १९५३ मध्ये तो अँहायझर-बुश कंपनीने विकत घेतला. मालक गसी बुश यांना मैदानाला 'बडवायझर स्टेडियम' नाव द्यायचे होते. बेसबॉलच्या वरिष्ठांनी दारूचे नाव चालणार नाही म्हणून सांगितले. तेव्हा त्यांनी आपल्या घराण्याचे नाव दिले, 'बुश स्टेडियम', आणि दोन वर्षांनी 'बुश' नावाची नवी बिअर बाजारात आणली. गणितात याला समीकरणाची दुसरी बाजू म्हणतात.

पण आम्ही पुढे पळालो. मधे एक मोठा खड्डा आहे, आणि हा लेख लिहायला घेतला तो त्याच्यासाठीच.

१९०० च्या आसपास जर्मन समाजाच्या संस्था म्हणजे कोणाचा आधार? बिअरवाल्यांचा. गाण्याचे संमेलन असो, कसरतीचा मेळावा असो, मागे भट्टीचे पैसे. मिलवॉकीतले देखणे पाब्स्ट थिएटर १८९५ मध्ये कप्तान पाब्स्ट यांनीच बांधले आणि तिथे जर्मन नाटके होत. १९०१ मध्ये देशभरच्या मंडळांची मिळून एक राष्ट्रीय जर्मन-अमेरिकन महासंघटना उभी राहिली. भाषा, शाळा, संस्कृती हे तिचे उद्देश. पण जसजशी दारूबंदीची चळवळ वाढली तसतसे बिअरवाले तिला पैसे देऊ लागले, आणि संघटनेचा निम्मा वेळ भाषेऐवजी बिअरच्या रक्षणात जाऊ लागला. तेव्हा कोणाला त्यात वावगे वाटले नसणार. भाषा, रविवार आणि बिअर त्यांच्या लेखी एकच होते. शिवाय देणगीदाराला नाही कोण म्हणतो? आपल्या गणपतीच्या स्मरणिकेतल्या जाहिराती चाळाव्यात.

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका जर्मनीविरुद्ध महायुद्धात उतरली आणि दारूबंदीवाल्यांना ज्याची वाट होती ते मिळाले. बिअर आता नुसती पापी राहिली नाही, ती शत्रूची झाली. विस्कॉन्सिनचेच एक माजी नायब राज्यपाल जॉन स्ट्रेंज यांनी १९१८ मध्ये भाषणात सांगितले की शत्रू समुद्रापलीकडे आहेत तसे घरातही आहेत, आणि त्यांतले सर्वांत घातक म्हणजे पाब्स्ट, श्लिट्झ, ब्लॅट्झ आणि मिलर. त्या राष्ट्रीय संघटनेची काँग्रेसने चौकशी केली आणि जुलै १९१८ मध्ये तिची सनद रद्द झाली. पाब्स्ट थिएटरात शिलरचे 'विल्हेल्म टेल' होऊ नये म्हणून थिएटरसमोर मशीनगन आणून ठेवली. साउअरक्राउटला 'लिबर्टी कॅबेज' म्हणू लागले. आयोवाच्या राज्यपालांनी मे १९१८ मध्ये हुकूम काढला की शाळेत, चर्चमध्ये, आगगाडीत, टेलिफोनवर, कोठेही इंग्रजीखेरीज भाषा बोलायची नाही. तिथल्या काही शेतकरी बायकांना फोनवर आपसात जर्मन बोलल्याबद्दल २२५ डॉलर भरावे लागले. आपण आईशी फोनवर बोलतो तेव्हा कोणी ऐकत नाही, एवढे तरी मनात म्हणावे.

१७ जानेवारी १९२० पासून देशभर दारूबंदी आली. अर्धा टक्क्याच्या वर अल्कोहोल म्हणजे गुन्हा. बिअर आणि जर्मन भाषा अशी दोघे एकाच गाडीत बसून खड्ड्यात गेली. बाहेर निघाली ती एकटी बिअर.

ती कशी तगली ते गमतीचे आहे. पाब्स्टने चीज केले. अँहायझर-बुशने यीस्ट आणि आइस्क्रीम विकले. बऱ्याच भट्ट्यांनी माल्टचा पाक डबाबंद करून 'पाव करण्यासाठी' म्हणून विकला, त्यात हॉप्सचा स्वाद घालून! कडू पाव कोण खातो हे सरकारने विचारले नाही आणि गृहिणींनी सांगितले नाही. कोलोरॅडोतल्या कूर्सची गोष्ट आमच्या जिव्हाळ्याची. त्यांनी माल्टेड मिल्क तर केलेच, पण त्यांचा चिनी मातीचा कारखानाही होता. महायुद्धात जर्मनीहून प्रयोगशाळेची भांडी येणे थांबले, तेव्हा ती यांनी केली. आम्ही डॉक्टरेटच्या वर्षांत ज्या क्रूसिबलांत पदार्थ जाळले त्यांच्यावर निळ्या अक्षरांत 'कूर्स' होते. आमचे गाइड म्हणत, या कंपनीचा माल प्रयोगशाळेत चालतो, तो एवढाच.

आपल्या ज्येष्ठांना हे सगळे ओळखीचे वाटेल. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर मुंबईत काय झाले, 'आंटी' म्हणजे कोण, आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवर परमिट कसे मिळे, हे त्यांच्याकडून ऐकावे. हॉटेलच्या पाटीवरचे 'परमिट रूम' हे शब्द त्याच काळाची खूण.

इकडे ७ एप्रिल १९३३ ला सौम्य बिअर कायदेशीर झाली आणि डिसेंबरात दारूबंदीच उठली. भट्ट्या पेटल्या, भोंगे वाजले, बुशनी व्हाइट हाउसकडे घोडागाडीतून बिअर पाठवली. पण बिअर परत आली ती अमेरिकन होऊन. जर्मन शाळा, जर्मन नाटके, बहुतेक जर्मन वर्तमानपत्रे परत आली नाहीत. तेरा वर्षांत एक पिढी मोठी झाली होती, आणि ती घरात इंग्रजीत उत्तरे देत होती. भाषेच्या बाजूने एकच लढाई जिंकली गेली, आणि ती कुठल्याही सम्राटाने नव्हे, नेब्रास्कातल्या एका खेडेगावच्या शाळामास्तरांनी. रॉबर्ट मेयर यांनी १९२० मध्ये दहा वर्षांच्या मुलाला जर्मन वाचायला शिकवले म्हणून त्यांना २५ डॉलर दंड झाला. त्यांनी तो भरला नाही, ते लढत राहिले. ४ जून १९२३ ला सुप्रीम कोर्टाने सात विरुद्ध दोन मतांनी तो कायदा मोडीत काढला. मुलाला कोणती भाषा शिकवायची हे ठरवण्याचा आईबापांचा आणि शिकवण्याचा मास्तरांचा हक्क त्या दिवशी इथे मान्य झाला. शनिवारी सकाळी चर्चच्या तळघरात आपण जो 'क कमळाचा' घोकवतो, तो याच निकालावर उभा आहे. त्याची फी कोणी भरली ते माहीत असावे.

बिअरभक्ती मात्र जोरात चालू राहिली आणि टीव्हीवर गेली. 'लव्हर्न अँड शर्ली' (१९७६ ते १९८३) या मालिकेतल्या दोघी मैत्रिणी मिलवॉकीच्या 'शॉट्झ' नावाच्या काल्पनिक भट्टीत कामाला. 'चीअर्स' (१९८२ ते १९९३) तर सबंध एका बारमध्ये घडते, आणि त्याचा मालक स्वतः दारू सोडलेला. पंगतीला जिलब्या वाढणारा मधुमेही म्हणा. 'सिम्पसन्स'मधल्या होमरने १९९७ च्या एका भागात गावात दारूबंदी लागू झाल्यावर चोरून बिअर पुरवण्याचा धंदा काढला, ती १९२० ची नक्कल. १९७८ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी घरी बिअर करायला परवानगी देणाऱ्या कायद्यावर सही केली. आमच्या बेसमेंटात काय चालते हा या लेखाचा विषय नाही.

पण भक्ती म्हणावी तर मिलवॉकीकरांची. तिथला बेसबॉल संघ १९७० मध्ये आला, नाव अर्थातच 'ब्रूअर्स'. प्रेक्षक येईनात. तेव्हा ६९ वर्षांच्या एका गृहस्थाने नवस बोलल्यासारखे केले: मैदानात चाळीस हजार लोक जमेपर्यंत स्कोअरबोर्डाच्या माथ्यावरून खाली उतरणार नाही. तिथेच एका ट्रेलरमध्ये त्यांनी मुक्काम ठोकला. चाळीस दिवसांनी, १६ ऑगस्टला, नवस फेडला गेला. त्यांच्यावरून पुढे 'बर्नी ब्रूअर' हे मिशाळ पात्र निघाले. आपल्या खेळाडूने होमरन मारला की बर्नी घसरगुंडीवरून थेट एका प्रचंड बिअरच्या मगात घसरे. सातव्या डावात प्रेक्षक उभे राहून एक पोल्का गातात. ती चाल मुळात १९२७ ची, चेक संगीतकार यारोमिर वेव्होदा यांची. पोल्का हे विस्कॉन्सिनचे अधिकृत राज्यनृत्य आहे. अधिकृत पेय मात्र दूध!

२००१ मध्ये नवे मैदान झाले तेव्हा बर्नीचा मग काढून टाकला. आता तो साध्या फळीवर उतरतो. जुना मग आणि बर्नीचे घरकुल लेकफ्रंट नावाच्या भट्टीत जपून ठेवले आहे. तिथून टर्नर हॉल आणि पाब्स्ट थिएटर गाडीने काही मिनिटांवर. मुलांना घेऊन गेलात तर मगासमोर त्यांचे फोटो जरूर काढा. मग थिएटरात जाऊन या महिन्याचा कार्यक्रम काय आहे ती पाटी पाहा. पाटी इंग्रजीत आहे.